कात्री न लागलेली वेल

मित्रांनो, मी एक म्हातारी गुलाबवेल आहे. पण थांबा, लगेच मान वर करून बघू नका. या घराच्या परसात शिरलात की समोर एक हिरवा डोंगर दिसतो. मागची विटांची भिंत, तिला लागून असलेली पत्र्याची शेड, कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब, सगळं गिळून बसलाय, आणि अंगभर पांढरी फुलं. तो डोंगर म्हणजे मी नव्हे. सगळे त्यालाच माझ्या नावाने ओळखतात, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि "केवढी ही वेल!" म्हणून तोंडात बोटं घालतात. त्यात मी अजिबात नाही असंही नाही. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, गंजलेल्या पन्हाळीला टेकलेली एक करडी, हातभर लांब फांदी आहे. तिला सहा पानं आहेत. तेवढी मी. बाकीचा सगळा तो.

तो कोण, हे सांगायचं तर पार मुळापासून सांगावं लागेल. माझा स्वभाव पहिल्यापासून टोचरा आहे, तेव्हा एखादा शब्द लागला तर सांभाळून घ्या.

या घराच्या पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान होतं. ते चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि बोलायची भारी हौस, त्यामुळे टाचण्या सारख्या खाली पडायच्या. त्यांची बायको, म्हणजे आमची मास्तरीण, मधल्या खोलीत बसून काजं-बटणं करायची आणि त्या टाचण्या वेचायची. "एक दिवस गिळाल आणि मग माझी धावाधाव," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच.

परसात तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं. एक नळ, एक कपडे धुवायचा दगड, आणि भिंतीच्या पायथ्याशी आपणहून उगवलेला एक जंगली गुलाब. अंगाने काटक, कुणी पाणी घालो न घालो, आपला वाढतोय. हाच तो.

एक दिवस रोपवाटिकेत कलमं बांधणारा माणूस मास्तरांकडे आपला कोट घेऊन आला. पोट सुटल्यामुळे कोटाचं बटण लागत नव्हतं. मास्तरांनी आतली माया सोडवली, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड उलगडलं, आणि कोट असा काही बसवून दिला की तो गडी आरशासमोरून हलेना. जाताना म्हणाला, "मास्तर, तुमच्या परसातला तो जंगली गुलाब उगाच जागा अडवून बसलाय. त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा भरून देतो. मग बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी घेऊन आला. त्या काडीवर, पानाच्या बगलेत, तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगीर डोळा होता. मित्रांनो, ती मी. त्याने जंगली गुलाबाच्या बुंध्याला, जमिनीपासून चार बोटं वर, उभी-आडवी चीर दिली, साल हलकेच उचलली आणि मला आत सरकवलं. आई गं! अजून आठवलं की अंगावर शहारा येतो. बांधायला मास्तरांनी दुकानातली एक चिंधी फाडून दिली.

"म्हणजे हे ठिगळच की हो," मास्तर म्हणाले.

"ठिगळ म्हणा. पण हेच ठिगळ उद्या सगळं कापड होणार आहे. खालचा तो खुंट. मुळं त्याची, फुलं हिची. मात्र एक सांभाळा. खुंट काही गप्प बसणारा नाही. तो खालून आपले कोंब काढत राहणार. ते वाढू दिलेत तर हिच्या वाट्याला काही येणार नाही. पण त्यांना कात्री लावू नका, कापलं की दुपटीने फुटतात. मुळाशी धरायचं आणि ओढून काढायचं. त्याचा कोंब हिरवा, हिचा लाल. एवढं ध्यानात ठेवलंत की झालं."

मास्तरांनी मान डोलावली. मास्तरीण त्या वेळी आत झोपली होती. तिला सातवा महिना होता आणि दुपारी फार थकवा यायचा. हे बोलणं चाललं तेव्हा ती तिथे नव्हती, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

मी जीव धरला. तीन आठवड्यांनी चिंधी सोडली, तर मी टवटवीत. मग कलमवाल्याने माझ्या वरचा जंगली भाग उडवला आणि मी सुटले की वर. इकडे मास्तरांना मुलगी झाली. ती अकरा दिवस होती. मास्तर रोज तिच्यासाठी एक नवं नाव घेऊन यायचे आणि मास्तरीण रोज नाक मुरडायची. बाराव्या दिवशी सकाळी घर एकदम गप्प झालं. पाळणा माळ्यावर गेला. शिवणाचं मशीन आठवडाभर बंद होतं. नंतर ते सुरू झालं, पण मास्तरीण काही बोलेना. वाढलं तर जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची, आणि हातात सुई-दोरा घेऊन एकच काज तासभर धरून बसायची. टाचण्या जमिनीवर तशाच पडून राहायच्या, आता मास्तरच त्या वेचायचे.

पुढच्या वर्षी मला पहिलं फूल आलं. आता स्वतःची स्तुती स्वतः काय करायची, पण केल्याशिवाय तुम्हाला कळणार तरी कसं? आत पिवळसर, कडेला तांबूस, पाकळ्यांवर पाकळ्या. आणि वास! चहाचा नवा डबा उघडला आणि शेजारी लिंबाची साल किसली, तर जसा येईल तसा. मास्तरीण धुणं घेऊन परसात आली, चार पावलं चालली आणि थांबली. बादली खाली ठेवून ती माझ्यापाशी आली, वाकली आणि कितीतरी वेळ वास घेत राहिली. मग तिने हाक मारली, "अहो, इकडे या. लवकर या."

कित्येक महिन्यांनी तिने आपणहून हाक मारली होती. मास्तर ओठांतल्या टाचण्यांसकट धावत आले. त्यांनी फुलाकडे बघितलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्या दिवसापासून मास्तरीण मला "पोरी" म्हणायला लागली. "पोरी, ऊन लागतंय का गं?" "पोरी, आज मान का टाकलीस?" मी त्या मुलीच्याच वयाची. दोघींचा जन्म एकाच वर्षाचा.

थोड्याच दिवसांनी खुंटाने पहिला हिरवा कोंब काढला. मास्तरांनी कलमवाल्याच्या सांगण्याप्रमाणे तो मुळाशी धरला आणि पिळून ओढला. मास्तरीण नेमकी दारात उभी होती. ती ओरडलीच, "तोडू नका! आत्ता कुठे जीव धरलाय त्याने! तुमचे हात धजावतात तरी कसे?" आणि तिथेच खाली बसून ती हुंदके देऊन रडायला लागली. तो कोंब जंगली आहे, तो वाढला तर ही वेल जाईल, एवढी दोन वाक्यं सांगायची होती. पण तिचा चेहरा बघून मास्तरांनी ती दोन्ही गिळली. ते म्हणाले, "बरं. नाही तोडत. कात्रीसुद्धा लावणार नाही कधी या झाडाला. झालं?"

मित्रांनो, माझ्या मरणाची सुरुवात त्या दिवशी झाली, आणि ती मायेपोटी झाली.

मास्तरांनी शब्द पाळला, पण आपल्या पद्धतीने. दर सुट्टीच्या दिवशी दुपारी मास्तरीण आत आडवी झाली की ते पायांत चपला न घालता परसात यायचे. माझ्या बुंध्याशी उकिडवे बसायचे, बोटांनी माती उकरायचे आणि हिरवे कोंब शोधून एकेक ओढून काढायचे. हाताला काटे लागले की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मला हळूच म्हणायचे, "तिला सांगू नकोस हं." जशी काही मी सांगणारच होते! मग ते कोंब सदऱ्यात लपवून दुकानात न्यायचे आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या पोत्यात खाली खोल दडपायचे. माती भरलेली नखं गडबडीने धुवायचे. नंतर मास्तरीण चहा घेऊन यायची, तेव्हा हे आपले साळसूदपणे बटणं मोजत बसलेले.

असं किती वर्षं चाललं म्हणाल? चाळीस. मधल्या काळात त्यांना मुलगा झाला. त्याला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणते, कारण लाडाने तो फारच शेफारला होता. माझे ते दिवस सोन्याचे होते. मी भिंत चढले, शेड चढले. हंगामात माझी शेकडो फुलं यायची. नवा कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या काजात मास्तर माझं एक फूल खोचून द्यायचे. लग्नाचा कोट असला तर दोन. गल्लीच्या टोकाला माणसं थांबून म्हणायची, "मास्तरांची वेल फुलली वाटतं." आणि मास्तर छाती फुगवून सांगायचे, "शिंपी आहे मी, जन्मभर कात्री हातात. पण या वेलीला कधी कात्री लावली नाही." ते खरंच होतं म्हणा. कात्री त्यांनी लावलीच नव्हती. चिरंजीवाने ही गोष्ट लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की ती त्याला तोंडपाठ झाली. मास्तरीण बाजूला उभी राहून नुसती हसायची.

पुढे मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागले. उकिडवं बसलं की उठताना त्यांना भिंत धरावी लागायची. एका दुपारी त्यांनी चिरंजीवाला हाक मारली. तो आता मोठा झाला होता, नळजोडणीची कामं करायचा. "अरे, जरा इकडे ये. एक काम दाखवून ठेवायचंय तुला." तो आला, दोघे माझ्यापाशी उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला. मास्तर खाली वाकले, मातीला हात लावला, आणि तेवढ्यात मास्तरीण चहा घेऊन दारात आली. मास्तरांनी हात झटकला. "काही नाही रे. पाणी नीट जातंय का बघ म्हटलं."

नंतर कधीतरी दाखवू, असं त्यांच्या मनात असणार. पण पुढच्याच महिन्यात एका सकाळी मशीनवर बसलेले असताना ते पुढे झुकले ते उठलेच नाहीत. अर्धी शिवलेली बाही मशीनच्या सुईखाली तशीच राहिली.

दुकान आवरायला घेतलं तेव्हा चिरंजीवाने ते चिंध्यांचं पोतं उचललं आणि हात झटकला. "च्यायला, चिंध्यांत काटे कुठून आले?" त्याच्या बोटातून रक्त आलं होतं. सुकलेल्या कोंबांची एक जुडी खाली पडली. त्याने तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही, सगळं पोतं कचऱ्यात नेऊन टाकलं. मास्तरीण तिथेच उभी होती. 

आणि मग खुंट मोकाट सुटला. पहिल्या वर्षी सात कोंब, दुसऱ्या वर्षी किती ते मी मोजणं सोडलं. त्याच्यावर माझा राग होता का? होता. पण त्याचा तरी काय दोष? मुळं त्याचीच. चाळीस वर्षं मी त्याच्या अंगावर पोसले आणि मिरवले. त्याला वर यायचं होतं, तो आला. माझ्या वाट्याचं पाणी वाटेतच संपायला लागलं. माझ्या एकेका फांदीची टोकं काळी पडू लागली.

घरच्यांना मात्र आनंदाचं भरतं आलं! "बाबा गेले आणि वेल दुप्पट झाली," चिरंजीव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "त्यांचा जीव आहे हिच्यात." त्याने माझ्यावर प्रेम करायचं बाकी ठेवलं नाही. पाण्याची वेगळी नळी आणली, लोखंडी पाइप जोडून मोठा मांडव उभा केला, आणि दर वर्षी गाडी गाडी खतमाती आणून बुंध्याशी रचली. चार बोटांवरची, मला जिथे जोडलं होतं ती सांध्याची खूण त्या मातीखाली कुठल्या कुठे गडप झाली. आता खालून कोण येतंय आणि वरून कोण, हे दिसायची सोयच उरली नाही. आणि जी पांढरी, पाच पाकळ्यांची, बिनवासाची फुलं आली, त्यांचं काय सांगावं? शेजारपाजारच्यांनी ठरवून टाकलं की मास्तर गेल्याच्या दुःखाने वेलीचा रंग उडाला. लांबलांबून माणसं हे दुःख बघायला यायची! मी इथे पन्हाळीमागे मरत होते आणि माझ्या दुःखाचे फोटो भलत्याचेच निघत होते.

एकटी मास्तरीण म्हणायची, "वास येत नाही रे."

"आई, तुझं वय झालंय," चिरंजीव समजूत घालायचा. मग तिला डॉक्टरांकडे नेलं. नाकात थेंब झाले, वाफारे झाले. ती बिचारी थेंब घालून परसात यायची, पांढऱ्या फुलांच्या घोसात तोंड खुपसायची आणि तशीच परत जायची. घरात जाऊन चहाचा डबा उघडून नाकाशी धरायची. "हा तर येतो," असं पुटपुटायची. पण स्वतःच्या नाकावरचा तिचा विश्वासच उडाला होता. एकदा माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरी, तुझा वास होता ना गं? का मला उगाच वाटत होतं?" मित्रांनो, मला हाक मारता येत नाही, याचं एवढं वाईट मला जन्मात वाटलं नव्हतं.

चिरंजीवाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, भिंगं तपासायची, त्यामुळे बारीक बघायची तिला सवय. पहिल्याच हंगामात तिने मला हुडकून काढलं. पन्हाळीमागे वाकून तिने माझं पान हातात घेतलं, मग त्याचं घेतलं. "अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "हे बघा. या एका पानात पाच छोटी पानं आहेत आणि त्या सगळ्यांत सात. ही दोन वेगळी झाडं आहेत."

"काहीतरीच तुझं," चिरंजीव म्हणाला. "बाबांनी एकच लावलं होतं."

पण सूनबाई चिवट होती. तिने रोपवाटिकेत जाऊन चौकशी केली आणि एका सुट्टीच्या दिवशी त्या कलमवाल्यालाच घेऊन आली. तो पार थकला होता, काठी टेकत आला. कोट मात्र तोच होता. डोंगरावरून त्याने एकदा नजर फिरवली. पन्हाळीमागे आला, माझ्या फांदीवर नख लावून सालीखाली किती हिरवं उरलंय ते बघितलं आणि पडल्या चेहऱ्याने मास्तरणीकडे वळला.

"वहिनी, ही वेल गेल्यात जमा आहे. हे सगळं जे फोफावलंय ना, तो खुंट आहे, जंगली. ही सगळी जंगली वाढ बुडापासून काढलीत तर कदाचित, अगदी कदाचित, हिला नवा कोंब येईल. त्यावरचा एक डोळा मिळाला तरी मी दुसरीकडे भरून देईन, तुमची वेल जगेल. या फांदीवर घेण्यासारखा एकही डोळा उरलेला नाही."

चिरंजीवाचं डोकंच फिरलं. "काढायचं? बाबांनी या झाडाला कधी हात लावू दिला नाही कुणाला!"

"कात्री लावली नसेल. पण कोंब ओढून काढत असणार. नाहीतर चाळीस वर्षं ही जगलीच नसती."

"म्हणजे माझे बाबा खोटं बोलत होते, असं म्हणायचंय तुम्हाला? गेलेल्या माणसाबद्दल?"

सगळे मास्तरणीकडे बघायला लागले.  तिच्या एका शब्दावर माझं सगळं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एकदा तिने माझ्याकडे बघितलं, एकदा मुलाकडे. मग म्हणाली, "राहू दे. आहे तसं राहू दे." आणि आत निघून गेली.

कलमवाला जायला निघाला. सूनबाई फाटकापर्यंत त्याच्यामागे धावली. "काका, मी एकटीने थोडं थोडं केलं तर?" तो घाईत म्हणाला, "करून बघ पोरी. खालून मातीतून जे वर येतं ते जंगली. ते ओढून काढ." लाल आणि हिरव्याचं सांगायचं राहून गेलं. त्याला वाटलं असेल, एवढं कोणालाही कळतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मला पावलांचा आवाज आला. चपला नव्हत्या. क्षणभर मला वाटलं, मास्तरच आले. सूनबाई होती. चिरंजीव झोपलेला, मास्तरीण आत आडवी. ती अगदी तशीच उकिडवी बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. दर सुट्टीला ती येऊ लागली. हाताला ओरखडे, पण मागे हटली नाही. दोन महिन्यांत तिने पाचपंचवीस कोंब काढले आणि माझ्याकडे पाण्याचा घोट यायला लागला. खरं सांगते, मला पुन्हा जगावंसं वाटलं. होतं नव्हतं ते सगळं बळ मी एकवटलं आणि सांध्याशी एक कोंब फोडला. किती वर्षांनी! पण माझा सांधा आता वीतभर मातीखाली होता. माझा कोंब मातीतूनच वर आला, बोटाएवढा, लालबुंद, अजून एकही पान न उलगडलेला.

सूनबाई आली, तिने तो बघितला. "आता हा कुठला? रंग तरी बघा मेल्याचा," ती पुटपुटली, मुळाशी धरलं आणि ओढला. तिचा हात आता चांगला बसला होता. एका झटक्यात निघाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं."

मास्तरीण दारात होती. भिंत धरत धरत ती आली. सूनबाईने घाबरून हात मागे लपवला. "आई, मी फक्त..."

"माहितेय मला. ते पण असेच यायचे. मी डोळे मिटून पडायचे, पण झोपायचे कुठे? ते चिंध्यांचं पोतं इतकी वर्षं कोण रिकामं करत होतं? मीच ना?"

"मग तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत? का तोडता म्हणून?"

"कसं विचारणार? विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. मला वाईट वाटू नये म्हणून केवढी धडपड चालायची त्यांची. अन् कलमवाला आला त्या दिवशी पोरासमोर त्यांना खोटं कसं पाडू? दाखव, काय काढलंस."

सूनबाईने हात पुढे केला. मास्तरणीने तो कोंब घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हा लाल आहे," ती म्हणाली. "पोत्यात कधी लाल नव्हता गं. चाळीस वर्षांत एकसुद्धा नाही. सगळे हिरवे असायचे."

सूनबाईच्या लक्षात आलं. तो कोंब सासूच्या हातातून घेऊन ती पुन्हा मातीत खोचायला लागली, वेड्यासारखी. मास्तरणीने तिचा हात धरला. तसं काही होत नसतं, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. मग म्हातारी तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दोघी कितीतरी वेळ रडल्या. मी त्यांच्यावर कशी रागावणार? माझ्या वाट्याला आलेल्या माणसांपैकी एकानेही माझं वाईट चिंतलं नव्हतं.

आत चिरंजीवाच्या जागं होण्याचा आवाज आला तशी मास्तरीण डोळे पुसत म्हणाली, "त्याला नको सांगायला. उगाच जिवाला लावून घेईल." सूनबाईने मान हलवली. मित्रांनो, तेव्हाच मी ओळखलं की आता संपलं. या घरात पुन्हा एक गोष्ट पोत्यात गेली.

माझ्या फांदीच्या टोकाला एक कळी होती, बटणाएवढी. मास्तरीण रोज सकाळी स्टूल घेऊन पन्हाळीमागे येऊन बसायची. नवव्या दिवशी कळी अर्धी उमलली. पूर्ण उमलायचं बळ माझ्यात नव्हतं. ती वाकली, पहिल्यासारखीच. मग मान वर करून शेजारी उभ्या सूनबाईला म्हणाली, "माझं नाक धड आहे गं. मला काही झालेलं नाही." आणि इतक्या वर्षांनी ती हसली. ते माझं शेवटचं फूल. तिने ते चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. रोज डबा उघडते, वास घेते आणि घट्ट लावून टाकते. परवा तिने डबा जरा जास्त वेळ नाकाशी धरला होता. वास आता त्यातूनही जात चाललाय.

सूनबाई आता माती उकरत नाही, तिचा हात धजावत नाही. चिरंजीव आजच मांडवाला आणखी दोन पाइप जोडणार आहे, कारण पांढऱ्या फुलांना जागा पुरत नाही. माझ्या सहा पानांतलं एक सकाळी पिवळं पडलंय.

तेव्हा मित्रांनो, मला पाणी घाला, खत घाला, असं मी म्हणणार नाही. त्याची मला कधीच कमी नव्हती. तुमच्या घरी जर कुणी एखाद्या झाडाशी, एखाद्या माणसाशी, गुपचूप काही करत असेल, तर झोपेचं सोंग घेऊन पडून राहू नका. उठा, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, हे काय करताय, कशासाठी करताय, मलाही दाखवा. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नका. वाईट वाटेल, रडू येईल, पण त्या रडण्याने कुणी मरत नाही. मी मरतेय ती त्या दोन वाक्यांनी, जी चाळीस वर्षांत एकमेकांवर जीव टाकणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी बोलता आली नाहीत.

आणि इथून परत जाताना त्या पांढऱ्या फुलांचा फोटो काढलात तर खुशाल काढा. फक्त त्याखाली माझं नाव लिहू नका.